साठीनंतरचा आरोग्यविमा : हप्ता नव्हे, बिल पाहून निवडा

न्हावा शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्या वेळी पंचविशीत असलेले उरण-पनवेल भागातील आमचे बंधू, कोणी मालवाहतुकीत, कोणी गोदामात, कोणी कापडाच्या वा शिलाईच्या धंद्यात, आज साठी ओलांडून गेले आहेत. दुकानदाराला व कारागिराला पेन्शन नसते. एका ऑपरेशनचे बिल आले की हात थेट भांडवलाला लागतो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे प्रकार आम्ही व्यापाऱ्याच्या हिशेबाने येथे मांडीत आहोत.

आधी बिनहप्त्याचे पाहावे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. १ जुलै २०२४ पासून पांढरे रेशनकार्डवालेही तीत आले असून कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. मात्र नवरा-बायको दोघे सत्तरीपुढचे असल्यास पाच लाख दोघांत मिळून असतात. या योजनांत जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. विम्याच्या हप्त्याविषयी ज्यांच्या मनात शरई शंका आहे त्यांनी उलेमांना विचारावे. येथे हप्ताच भरावा लागत नाही. अडचण एवढीच की रुग्णालय योजनेतील आणि उपचार यादीतील हवा. दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

गोदामात किंवा कारखान्यात नोकरी केलेल्यांनी कामगार राज्य विमा योजना विसरू नये. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे विमाधारक असलेल्यास वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते.

त्यापुढे कंपन्यांच्या पॉलिसी. सर्व कुटुंबाची एकच पॉलिसी सोपी वाटते. पण तिचा हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि वडिलांच्या एका आजारात मुलांचीही रक्कम संपू शकते. म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी असावी, असे आमचे मत आहे. लहान पॉलिसीवर सुपर टॉप-अप घेतला तर ठरावीक रकमेवरचा खर्च तो उचलतो आणि त्याचा हप्ता तुलनेने कमी असतो.

ज्येष्ठांच्या खास पॉलिसीत मात्र बारीक अक्षरे वाचावीत. कापड धुतल्यावर आटते तशी पॉलिसी बिलाच्या वेळी आटते. समजा, विमा तीन लाखांचा आहे, खोलीभाड्याची मर्यादा रोज ३,००० रुपये आहे आणि आपण ६,००० ची खोली घेतली. बिल दोन लाखांचे झाले. त्यांत औषधे व तपासण्या ५०,००० च्या. उरलेल्या दीड लाखातून कंपनी निम्मेच, म्हणजे ७५,००० मान्य करील. एकूण मान्य रक्कम १,२५,०००. त्यांतही २० टक्के वाटा आपला असल्यास हाती येतात एक लाख. तीन लाखांचा विमा असूनही एक लाख खिशातून गेले!

नियम मात्र आता ग्राहकाच्या बाजूने झुकले आहेत. एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीला ६५ वर्षांची आडकाठी उरली नाही, तरी कंपनी तपासणीनंतर एखादा अर्ज नाकारू शकते. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

मधुमेह, रक्तदाब काहीही लपवू नये. पुढे दावा नाकारला जाण्याचे ते मोठे कारण ठरते. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत पसंत नसल्यास परत करता येते. तेवढ्या दिवसांत ती घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून वाचून घ्यावी आणि एजंटला तीन प्रश्न विचारावेत : खोलीभाडे किती, आपला वाटा किती, जुन्या आजाराला किती वर्षे थांबायचे? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगावे. आणि हे काम पन्नाशीतच उरकावे. थांबण्याची तीन वर्षे तब्येत धड असताना निघून जातात.