गोदाम एकच, हक्क मात्र वेगवेगळे

मुंबई-नाशिक महामार्गावरून मानकोली नाक्यापाशी आत वळले की रस्त्याच्या दुतर्फा पत्र्याच्या उंच छपरांची रांग सुरू होते. एकेकाळी हा भातशेतीचा पट्टा होता. मुंबईच्या दाराशी, तरीही जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून व्यापाऱ्यांनी माल साठविण्यासाठी भिवंडी तालुका निवडला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली. आज एका गाळ्यात बड्या कंपनीचा माल असतो, तर शेजारच्या गाळ्यात छोट्या वाहतूकदाराच्या गाठी. भिंत सामाईक, मालकही अनेकदा एकच. परंतु या दोन भाडेकरूंना कायद्याने दिलेले हक्क सारखे नसतात. करारावर सही करताना ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते.

या भेदामागे मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने अनेक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाई वाढत गेली, भाडे जागचे हलले नाही. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ संमत झाला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. निवास, शिक्षण, धंदा आणि व्यापार यांच्याबरोबरच साठवणुकीसाठी भाड्याने दिलेल्या जागाही या कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र तो अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. त्यामुळे महापालिका हद्दीबाहेरील गोदाम घेताना ते गाव त्या क्षेत्रात मोडते का, हा पहिला प्रश्न ठरतो.

दुसरा प्रश्न भाडेकरू कोण, हा. कलम ३ नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसेच एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना दिलेल्या जागा या कायद्यातून वगळल्या आहेत. जो बाजारभावाने भाडे देऊ शकतो त्याला संरक्षण कशाला, हा त्यामागचा विचार. याउलट, कायदा लागू असलेल्या क्षेत्रातील छोट्या भाडेकरूला केवळ मुदत संपली म्हणून बाहेर काढता येत नाही. भाडे थकल्यास मालकाने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस उलटल्यावाचून दावा लावता येत नाही. मालकाची स्वतःची वाजवी गरज किंवा परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, अशी ठरावीक कारणे सिद्ध झाली तरच जागा सोडावी लागते. गोदामाचा एखादा कोपरा ओळखीच्या व्यापाऱ्याला परस्पर देणाऱ्यांनी हे शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवावे.

जेथे हा कायदा लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चालतो. तेथे कराराचा शब्द मुख्य. वेगळे काही ठरलेले नसेल तर साठवणुकीची जागा महिनेवारी भाडेपट्ट्याची समजली जाते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने तो संपवता येतो. अशा जागांचे तंटे लवादाकडे नेता येतात, हे २०२० मध्ये विद्या द्रोलिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. भाडे नियंत्रणाखालील तंट्यांना ती वाट खुली नाही.

जुन्या कायद्याने पोळलेले मालक आता बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग धरतात. त्यात जागेत हक्क निर्माण होत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. मात्र मथळ्यावर काय लिहिले आहे यावर सारे ठरत नाही. जागेचा अनन्य ताबा दिला का आणि पक्षांचा खरा हेतू काय होता, हे न्यायालय पाहते; १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून ही कसोटी रूढ आहे. भाडे कायद्याच्या कलम ५५ नुसार दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत हवेत आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

भिवंडीच्या गोदामांना आग लागल्याच्या बातम्या नव्या नाहीत. अशा वेळी भाड्याचे काय? आगीने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला वा कायमचा निरुपयोगी ठरला आणि त्यात भाडेकरूचा दोष नसेल, तर भाडेपट्टा संपुष्टात आणण्याचा पर्याय १८८२ च्या कायद्याने भाडेकरूला दिला आहे. हा पर्याय त्याचा आहे, मालकाचा नव्हे. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात दिला. केवळ वापराची परवानगी घेतलेल्यापाशी मात्र असा हक्क नसतो.

आयर्लंडने या प्रश्नावर निराळा तोडगा काढला आहे. तेथील १९८० च्या कायद्याने, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, एका जागेत सलग पाच वर्षे व्यवसाय करणाऱ्या भाडेकरूला नव्या भाडेपट्ट्याचा हक्क मिळतो. न्यायालय भाडे ठरवते ते बाजारभावाने. २००८ पासून भाडेकरूला हा हक्क सोडूनही देता येतो, पण स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतल्यानंतरच. म्हणजे मालकाचे भाडे गोठत नाही आणि व्यापाऱ्याने कमावलेली जागाही सहज जात नाही.

आपल्याकडे अशी मधली वाट नाही. एका बाजूला शेतजमिनीवर गोदाम उभारून त्या भाड्यावर घर चालविणारे कुटुंब असते, तर दुसऱ्या बाजूला त्याच पत्त्यावर गिऱ्हाईक जोडलेला व्यापारी. दोघांची भीती खरी आहे. म्हणूनच सहीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात: गावाला कोणता कायदा लागू आहे, भाडेकरूचे भांडवल किती, दिला जातो तो ताबा की परवानगी आणि आग लागल्यास भाडे, दुरुस्ती व विमा कोणाकडे. कुलूप बदलल्यावर वकील शोधण्यापेक्षा किल्ली घेण्याआधी त्याच्याकडे जाणे केव्हाही स्वस्त पडते.