वळणाचा रस्ता का ओढतो?



रविवारी सकाळी सहाच्या सुमारास ब्लॅकटाउनहून रिचमंड रोडला लागलात, तर एखाद्या पेट्रोल पंपावर चार-पाच बाईकवाले दिसतातच. जाड जॅकेटं, हातात कॉफी आणि चेहऱ्यावर शाळेची सहल निघाल्यासारखा आनंद. त्यांत आपली मराठी मंडळीही असतात, बहुतेक चाळिशीतली. मुलं जरा मोठी झालेली, घराचे हप्ते मार्गी लागलेले आणि कॉलेजात राहून गेलेली हौस पुन्हा वर आलेली. मी त्यांच्यातलाच एक.

अशा बहुतेकांच्या घरी एक प्रश्न असतो. माझ्या बायकोने तो असा विचारला : "घरात गाडी आहे, तिला एसी आहे, सगळे मिळून जाऊ शकतो. मग आमचा जीव टांगणीला लावून एकट्याने डोंगरात जाण्यात तुला मिळतं काय?"

तेव्हा मी "निसर्ग, मोकळी हवा" असं काहीतरी पुटपुटलो. ते अगदीच खोटं नव्हतं, पण निसर्ग गाडीच्या खिडकीतूनही दिसतो. म्हणून आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. बाईक चालवणाऱ्यांसाठी, आणि त्यांची घरी वाट पाहणाऱ्यांसाठीही.

सुरुवात रस्त्यापासून करू. आपल्याला जवळचा डोंगरी रस्ता म्हणजे बेल्स लाइन ऑफ रोड. नॉर्थ रिचमंडहून निघतो, करजाँग हाइट्सचा चढ चढतो, बिलपिनच्या सफरचंदांच्या बागांमधून जातो, माउंट टोमाला जवळपास हजार मीटर उंची गाठतो आणि बेल गावापाशी संपतो. साधारण ६० किलोमीटरचा रस्ता. १८२३ साली आर्चिबाल्ड बेल ज्युनियर ह्या तरुणाने ही वाट वसाहतीच्या नकाशावर आणली, म्हणून त्याचं नाव. पण वाट दाखवली ती इथल्या डरुग लोकांनी. त्यांची ती आधीपासूनची पायवाट होती. आपल्या बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ आठवतंय? इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा तिथे सांगतात. नाव एकाचं आणि वाट दुसऱ्याची, हे दोन्हीकडे सारखंच.

आता हा रस्ता इतका वळतो कशामुळे? ब्लू माउंटन्स म्हणजे वालुकाश्माचं पठार, नद्या-ओढ्यांनी खोल चिरलेलं. खाली दरीत उतरलात तर समोर कडा उभा. म्हणून जुन्या वाटा डोंगराच्या धारेवरून जातात. धार वळली की वाट वळते. सुरुंग लावून डोंगर सरळ कापायची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय नंतर आली. सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदीकडे जाणारा जुना पॅसिफिक हायवे घ्या. नदीवरचा पीट्स फेरी पूल १९४५ साली खुला झाला आणि सगळी वाहतूक त्या वळणांवरून चालायची. १९६५ पासून टप्प्याटप्प्याने मोटरवे झाला, ट्रक आणि घाईतले लोक तिकडे गेले, आणि जुना रस्ता सायकलवाल्यांना नि बाईकवाल्यांना उरला. मुंबई-पुण्याचंही असंच झालं, पण एक फरक आहे. आपल्या एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुन्या घाटातून जाणं हा बाईकवाल्याचा नाइलाज. इथे मोटरवेवर बाईक चालते. तरीही माणूस मुद्दाम लांबचा, वाकडा रस्ता धरतो.

का धरतो, ते कळायला वळणावर बाईक काय करते ते बघू. गाडी वळताना आपण स्टिअरिंग फिरवतो. बाईक मात्र वळण्यासाठी कलावी लागते. आणि गंमत अशी, की चांगल्या वेगात डावीकडे कलायचं तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकलावी लागते. म्हणजे क्षणभर चाक उलट दिशेला वळतं, बाईक डावीकडे झुकते आणि मग वळते. सायकल येणारा प्रत्येक जण हे नकळत करतो. पण समजून करायला लागलात की बाईक एकदम ऐकायला लागते.

दुसरी गोष्ट नजर. बाईक बघाल तिथे जाते. वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर डोळा ठेवायचा. तो बिंदू पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. जागीच थांबला किंवा जवळ यायला लागला तर वळण आवळतंय, वेग कमी करा. आणि भीतीने कठड्याकडे बघत राहिलात, तर बाईक कठड्याकडेच निघते.

तिसरी गोष्ट वेगाचं गणित. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० च्या वेगाने घेताना बाईक साधारण ३० अंश कलते. तेच वळण ८० ने घ्यायचं तर ४५ अंश. वाढले फक्त वीस, पण टायरवरचा आडवा भार जवळपास पावणेदोन पट झाला, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ४५ अंशांच्या आधीच बऱ्याच बाईकचं फूटरेस्ट रस्त्याला घासायला लागतं. वर थोडी रेती असली, तर चूक सुधारायला जागाच राहत नाही.

म्हणजे प्रत्येक वळणाला वेग ठरवायचा, गिअर ठरवायचा, नजर पुढे न्यायची, हँडल ढकलायचं, बाहेर पडताना हलकेच रेस द्यायची. तोवर पुढचं वळण येतं. ह्यात सोमवारच्या मीटिंगला जागा नसते. आठवडाभर माझं मन एका वेळी सहा ठिकाणी असतं : फोन, ईमेल, मुलांचे क्लास, पुण्यात आईच्या औषधांची वेळ. बेल्स लाइनवरचे दीड-दोन तास ते एका जागी असतं. रस्ता लक्ष मागतो आणि मी देतो. मला जे मिळतं ते हेच.

पण लक्ष मागणारा रस्ता लक्ष हटल्याची वसुलीही करतो. ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेल्या शंभर वाहनांत बाईक जेमतेम पाच-एक, आणि रस्त्यावर जाणाऱ्या पाच जिवांमध्ये साधारण एक बाईकवाल्याचा. नोकरीत मी लोकांना प्रत्येक प्रकल्पाची जोखीम लिहून काढायला लावतो. स्वतःची मात्र लिहिली नव्हती.

पहिल्या वर्षीची गोष्ट. आम्ही तिघे परत येत होतो, करजाँग हाइट्सचा उतार. पुढचे दोघे माझ्यापेक्षा सराईत, आणि मागे पडायचं नाही म्हणून मी माझा वेग सोडून त्यांचा धरला. डावं वळण आलं, वाटलं त्यापेक्षा आवळ निघालं. मी घाबरून मधल्या रेषेकडे बघितलं आणि पुढचा ब्रेक दाबला. कललेल्या बाईकचा पुढचा ब्रेक दाबला की ती उभी राहू बघते आणि सरळ जाते. मी मधली रेषा ओलांडून हातभर पलीकडे गेलो. समोरून कोणी नव्हतं. पुढच्याच वळणावर एक युट वर येताना दिसली. मी बाजूला थांबलो तेव्हा क्लचवरचा हात थरथरत होता. घरी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

मला वाटायचं, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी केलेल्या माणसाला इथलं काय अवघड? पण आपल्या घाटाची सवय इथे अर्धीच चालते. आपल्याकडे वळणावर हॉर्न देतात, खड्डे आणि एसटी मिळून वेग आपोआप आटोक्यात ठेवतात. इथे रस्ता गुळगुळीत, हॉर्न कोणी देत नाही आणि वेग कधी वाढला ते कळत नाही. म्हणून वळणाआधीची पिवळी पाटी वाचायला शिका. तिच्यावरचा आकडा हा त्या वळणासाठी सुचवलेला वेग असतो. उजव्या वळणावर चाकं आपल्या लेनमध्ये असली, तरी कललेलं डोकं मधल्या रेषेपलीकडे जाऊ शकतं, म्हणून थोडं डावीकडे राहा. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू, वॉलबी, वॉम्बॅट रस्त्यावर येतात. आणि जुलैतल्या सकाळी बेलच्या आसपास सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर असू शकतो. तो दिसतच नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. न्यू साउथ वेल्समध्ये बाईकचं लायसन्स वेगळं. सिडनीत आधी सक्तीचं प्रशिक्षण, मग किमान तीन महिने लर्नर, मग परीक्षा. लर्नरला ताशी ९० ची मर्यादा आहे आणि मागे कोणाला बसवता येत नाही. बाईकही परवानगीच्या यादीतलीच हवी : इंजिन ६६० सीसीपर्यंत आणि वजनाच्या मानाने ताकद मर्यादित. ह्या यादीत आपल्या ओळखीच्या बऱ्याच आहेत. केटीएम ३९० ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनल्या आहेत. चाकणहून निघालेली बाईक बिलपिनला सफरचंदाच्या पायसाठी थांबलेली बघून मला उगाचच बरं वाटतं.

भारतातून हेल्मेट मात्र आणू नका. आयएसआयचा शिक्का इथे चालत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानक किंवा युरोपचं ईसीई २२.०५ किंवा त्यानंतरचं लागतं. जॅकेट-पँट घेताना दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. मोटोकॅप म्हणून २०१८ पासून चालू असलेली योजना आहे. त्यांनी तपासलेल्या कपड्यांना संरक्षणासाठी आणि हवा खेळण्यासाठी वेगवेगळे तारे दिलेले असतात.

पहिली लांब फेरी करायची तर अशी करा : रिचमंड, बिलपिन, बेल, तिथून डार्लिंग कॉजवेने माउंट व्हिक्टोरिया आणि ग्रेट वेस्टर्न हायवेने कटुंबावरून परत. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आत, आणि वाटेत गावं लागतात. विंडसर ते सिंगलटन हा पुटी रोड त्याहून मोहक आहे, पण तिथे मोठ्या टप्प्यांत फोनला रेंज नसते आणि पेट्रोल मोजून भरावं लागतं. तिथे एकट्याने जाऊ नका, आणि उपग्रहावरून मदत मागणारा लोकेटर बीकन खिशात ठेवा.

त्या प्रसंगानंतर आमच्या घरी काही अटी ठरल्या. निघताना रस्ता आणि परतीची वेळ सांगायची. फोनवर ठिकाण दिसत राहिलं पाहिजे. अंधार पडायच्या आत घरी. आणि कोणाच्याही मागे त्याच्या वेगाने जायचं नाही. शेवटची अट मी स्वतः घातली.

वर सांगितलेलं उत्तर, मन एका जागी असण्याचं, मी बायकोलाही दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे. मग परत आलास की चहा होईपर्यंत आमच्याकडेही तसंच लक्ष दे." आता रविवारी घरात शिरताना फोन हेल्मेटमध्ये ठेवतो आणि हेल्मेट कपाटात.

तर मंडळी, आज इतकंच. डोंगरात जाणार असाल तर सावकाश जा. आणि घरी वाट पाहत असाल, तर पोहे थोडे उशिरा फोडणीला टाका. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार!