गुरुवारची हजेरी

पहाटे ४:३०. हजेरीच्या वहीत सफाई कामगारांच्या सह्या घेताना मी आधी प्रत्येकाच्या हातापायांकडे बघतो. हातमोजे आहेत का, गमबूट घातलेत का? उन्हाळ्यात गमबुटात पाय उकडून निघतात, म्हणून काहीजण ते टाळतात. मी अडवतो. फुटलेल्या बाटलीची काच अंधारात दिसत नाही.

इतर दिवशी आधी वॉर्ड आणि मग देऊळ. गुरुवारी हा क्रम उलटा होतो. काकड आरतीला लोक जमायच्या आत अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराभोवतीचा रस्ता झाडून व्हावा लागतो, कारण एकदा रांग लागली की झाडू फिरवायला जागा उरत नाही. या वडाखाली स्वामी समर्थ बसत. १८७८ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांचे भक्त चोळप्पा यांच्या घरच्या समाधी मठाकडे जाणाऱ्या गल्ल्या जुन्या आणि अरुंद आहेत. तिथं घंटागाडी शिरत नाही, ढकलगाडीच न्यावी लागते. त्या गल्ल्या मी नेहमी आमच्यातल्या सर्वांत अनुभवी बाईंकडे देतो. गटारीच्या कडेचा कचरा गटारीत न ढकलता सुपलीत घेणं हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. मुकादम म्हणून मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.

६:३०. घंटागाड्या निघाल्या. आमच्या गावात घंटेला दोन भाषांत उत्तर मिळतं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं कितीतरी घरांत कन्नडच बोलतात. एखाद्या दारातून म्हातारी घरात ओरडून सांगते, "कसद गाडी बंत्रि!" म्हणजे कचऱ्याची गाडी आली. कन्नडमध्ये कस म्हणजे केर. मराठीत आपण कस म्हणतो तो जमिनीचा, मातीतला. ओल्या कचऱ्याचं खत होऊन शेतात जातं तेव्हा दोन्ही अर्थ खरे ठरतात, असं मला मनापासून वाटतं.

गाडीची वेळ मात्र घड्याळावर ठरत नाही, नळावर ठरते. गावाला पाणी येतं ते बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातून. ज्या भागात पाणी सुटलेलं असतं तिथं घंटा कितीही वाजवा, बाई दारात येत नाही. ती हंडे भरत असते. गाडी पुढं गेली की मग तो कचरा कोपऱ्यावर येऊन पडतो. सुरुवातीला मी अशा घरांवर चिडायचो. आता आदल्या रात्रीच पाणी सोडणाऱ्या वॉलमनला विचारून घेतो, उद्या पाणी कुठं आहे? तो भाग शेवटी ठेवतो. एवढ्या एका बदलानं दोन कोपरे स्वच्छ राहायला लागले.

९:००. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करत आलेल्या गाड्यांनी रस्ते भरतात. रेल्वेनं येणारे अक्कलकोट रोड स्टेशनवर उतरून रिक्षानं गावात येतात. १९८८ पासून इथं अन्नछत्र चालतं, आलेल्याला जेवल्याशिवाय जावं लागत नाही. याचा मला अभिमान आहे. पण जेवणाऱ्यांच्या मागे खरकटं उरतं, आणि ते दुपारच्या आत उचललं नाही तर कुत्री, डुकरं आणि माश्या यांना आवरणं अवघड. शिरगणतीत गावाची माणसं मोजतात. आम्हाला मात्र त्यांच्या जोडीला रोज येणाऱ्यांचाही केर उचलायचा असतो. गुरुवारी, पौर्णिमेला, दत्तजयंतीला, स्वामींच्या प्रकटदिनाला आणि पुण्यतिथीला तर जास्तच. सफाईची माणसं किती हवीत हे ठरवताना पाहुण्यांचीही मोजणी व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

११:००. दिवसातलं सर्वांत जिकिरीचं काम आता सुरू होतं, निर्माल्याची निवड. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचं बंधन घातलं. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली. तरी पोतं उघडलं की हार तसाच पिशवीत बांधलेला. आज चौदा पोती आली. झेंडूला जरीची पट्टी, गुलाबाला प्लॅस्टिकचं वेष्टन, मध्ये पेढ्याचा डबा, अर्धी भरलेली पाण्याची बाटली. फुलं लवकर कुजतात. केळ्याची सालंही. नारळाच्या शेंड्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, म्हणून त्यांचा वेगळा ढीग. दोऱ्याची तर वेगळीच डोकेदुखी, खत चाळताना तो चाळणीला गुंडाळतो.

आमच्यातली एकजण मांडी घालून बसते आणि एकेक हार सोडवते. मी म्हटलं, "आक्का, पिशवी फाडूनच टाका की, वेळ वाचेल." ती म्हणाली, "फाडली तर बारके तुकडे हुतात अण्णा, ते खतात जातात. गाठ सोडलेली बरी." एका पोत्याला किती वेळ लागतो ते मी मुद्दाम बघितलं. पाऊण तास. चौदा पोती, तीन बायका. पुढचं गणित तुम्हीच करा.

२:००. जेवण आणि मग कचेरी. नोंदवहीत आज सहा तक्रारी आहेत, चार तुंबलेल्या गटारींच्या, एक मेलेल्या कुत्र्याची, एक बंद दिव्याची. दिवा माझ्याकडे नाही, तरी लोक मलाच सांगतात. कारण २०१६ नंतर नगरपरिषदेची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मध्ये बराच काळ नगरसेवक नव्हते आणि प्रशासकाच्या दारापर्यंत जायला माणूस बिचकतो. झाडूवाला मात्र रोज सकाळी दारात दिसतो. त्यालाच सगळं सांगायची लोकांची सवय अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं मलाही वाटत नाही. दिव्याची तक्रार मी विद्युत विभागात देऊन येतो.

५:३०. दुसरी फेरी. संध्याकाळच्या आरतीची गर्दी वाढते. आम्ही रस्त्याच्या कडेनं जातो, कुणाच्या पायात झाडू येऊ देत नाही. एक ताई मुलाच्या हातातलं केळ्याचं साल घेऊन आमच्या गाडीत आणून टाकतात. अशी माणसं रोज भेटतात.

रात्री ९:४०. शेवटचं पोतं बांधलं. वॉलमनला फोन केला, उद्या पाणी कुठं ते लिहून घेतलं.

दर्शनाला याल तेव्हा एवढं करा. हार पिशवीतून काढून सुटाच अर्पण करा, आणि रिकामी पिशवी घडी करून आपल्यासोबत परत घेऊन जा.