जुन्या रायफलीची नळी

बालरोगतज्ज्ञाने बंदुकांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विसंगत वाटेल. परंतु जुन्या लष्करी शस्त्रांचा अभ्यास हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे, आणि त्या छंदामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेले माझे एक वर्गमित्र तो विचारतात. येथे ग्वाल्हेरात, दसऱ्याच्या शस्त्रपूजेत आजोबांची परवान्याची रायफल मांडणारे स्नेहीही विचारतात. 'नळी आतून खराब झाली आहे, ती घरच्या घरी बदलता येईल का?'

नळी बदलणे ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड ही .३०३ इंची रायफल स्वीकारली. तिच्या नळीतील पेचदार खाचा उथळ व गोलसर होत्या, कारण त्या काळ्या बारुदासाठी आखलेल्या होत्या. त्यानंतर कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. तिच्या प्रखर उष्णतेने या खाचा फार लवकर झिजू लागल्या. तेव्हा एनफील्ड येथील सरकारी कारखान्याने पाच खोल, काटकोनी खाचांची नळी तयार केली आणि १८९५ मध्ये ली-एनफील्ड जन्माला आली. म्हणजे जगभर गाजलेल्या या रायफलीचे नाव मुळात नळी बदलल्यामुळेच पडले! त्याच सुमारास १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलींना .४५ इंची नळीऐवजी .३०३ ची नळी बसवून 'मार्टिनी-एनफील्ड' तयार करण्यात आल्या.

मात्र हे सारे शस्त्रागारांत घडले. तेथे साचे, मापे आणि अनुभवी हात होते. घरच्या कार्यशाळेत काय होते, ते पाहू.

नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी अतिशय घट्ट बसवलेली असते. शंभर वर्षांच्या गंजाने ती जणू एकजीव होते. ली-एनफील्डचा रिसीव्हर पुष्कळ ठिकाणी पोखरलेला असल्याने बलप्रयोग चुकीच्या जागी झाला तर नळी सुटण्याऐवजी रिसीव्हरच पिळवटतो. नवी नळी नेमक्या कोनात घट्ट व्हावी लागते. पुढची माशी नळीवरच असते, त्यामुळे किंचित फरक पडला तरी नेम एका बाजूला कलतो.

खरा धोका मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे. त्याला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाशी एक कड असते. ती नळीच्या मागील तोंडावर टेकते आणि तिच्या मागे बोल्टचा पृष्ठभाग येतो. या दोहोंमधील अंतर .०६४ ते .०७४ इंच असावे लागते. या दोन टोकांतला फरक जेमतेम पाव मिलिमीटर! अंतर वाढले की गोळी झाडताना पितळी काडतूस बुडाजवळ ताणून फाटते आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, उसळतो. डोळ्याला झालेली अशी इजा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला पूर्णपणे भरून काढता येईलच असे नाही.

म्हणूनच ब्रिटनमध्ये 'प्रूफ' ही व्यवस्था आहे. १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊससारख्या संस्थेत नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस झाडून नळीची परीक्षा घेतात. टिकली तरच तिच्यावर मोहर उमटते. नळी बदलली की ती परीक्षा नव्या नळीने पुन्हा द्यायची. नवे औषध चाचणीविना रुग्णाला द्यायचे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मी बालरोगतज्ज्ञ म्हणूनच सांगतो. जुन्या नळीतला मळ म्हणजे केवळ काजळी नव्हे. त्यात गोळ्यांचे व काडतुसांच्या टोपीतले शिसे असते. घासताना उडालेली धूळ कपड्यांवरून रांगत्या बाळाच्या हातात आणि तेथून तोंडात जाते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही. अमेरिकेच्या सीडीसीने लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ-पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली, ती याच जाणिवेने.

माझ्या वर्गमित्रांपुढे कायद्याची अडचण फारशी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात बंदूक म्हणजे मुख्यतः रिसीव्हर; नळी हा सुटा भाग. आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात आणि कलम ५ नुसार शस्त्रांच्या निर्मिती-दुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो. कलम ४५ मध्ये पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच शस्त्राला. भिंतीवरच्या निकामी वारशाला नवी नळी बसवून 'जिवंत' करणारा वारस त्या सुटीवरच पाणी सोडतो.

वर्गमित्रांना मी कळवले, 'नळी बदलायचीच असेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडे न्या, आणि हेडस्पेस तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.' येथल्या स्नेह्यांना मात्र माझा सल्ला निराळा असतो. झिजलेली नळी हा त्या शस्त्राचा दोष नसून त्याचा सेवा-अभिलेख आहे. तिच्यावरचे कारखान्याचे शिक्के, क्रमांक व प्रूफच्या मोहरा वाचूनच अभ्यासक तिचा प्रवास सांगू शकतो. नळी गेली की ती साक्षही गेली. तिला हलके तेल लावा, दमट हवेपासून जपा, परवान्याची कागदपत्रे अद्ययावत ठेवा. आणि घरात नातवंडे असतील, तर शस्त्र रिकामे, कुलूपबंद असावे. काडतुसे दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात. दसरा झाला की त्याच दिवशी.