जुन्या ट्रॅक्टरातील विजेच्या दाबाची घट : कारणे व तपासणी

वाफसा आला आहे, पेरणीस एक दिवसही दवडणे परवडणारे नाही आणि अशा वेळी जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही, असा प्रसंग अनेक शेतकऱ्यांवर येतो. दिवे चांगले लागतात. परंतु किल्ली फिरविताच स्टार्टर मंदपणे घुमून थांबतो. दोष बॅटरीचाच असे समजून नवी बॅटरी आणली जाते आणि थोड्याच दिवसांत पहिला त्रास पुन्हा सुरू होतो. पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते. विजेचा दाब स्टार्टरपर्यंत पोहोचण्याच्या मार्गातच खर्ची पडत असतो. जुन्या जीप व मोटारगाड्यांसही हेच लागू आहे.

दाब का घटतो?

नळात गाळ साचला म्हणजे पाण्याचा जोर कमी होतो, त्याप्रमाणे कीट चढलेले टोक, सैल नट किंवा आतून तुटलेली केबल विजेस अडथळा करते. यालाच रोध म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार, प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका दाब त्या ठिकाणी घटतो. एखाद्या सांध्याचा रोध ०.००५ ओहम आहे असे समजू. दिव्यांसाठी त्यातून १० अँपिअर प्रवाह गेल्यास केवळ ०.०५ व्होल्ट दाब घटेल. स्टार्टरसाठी २०० अँपिअर प्रवाह गेल्यास मात्र १ व्होल्ट दाब नाहीसा होईल. म्हणून दिवे लागतात यावरून मार्ग निर्दोष आहे असे ठरवू नये. तपासणी स्टार्टर फिरत असतानाच करावी.

तपासणीची रीत

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करण्याची दांडी ओढून ठेवावी. मीटर एकदिश प्रवाहाच्या २० व्होल्ट मापावर लावावे.

(१) इंजिन काही तास बंद असताना १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दाब १२.४ हून कमी असल्यास ती प्रथम चार्ज करावी. स्टार्टर फिरताना दाब ९.६ च्या खाली गेल्यास बॅटरी किंवा स्टार्टर यांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

(२) मीटरची एक तार बॅटरीच्या ज्या टोकापासून स्टार्टरला केबल जाते त्या टोकावर व दुसरी स्टार्टरच्या केबल-बोल्टावर टेकवावी. स्टार्टर फिरण्यापूर्वी मीटर बॅटरीचा पूर्ण दाब दाखवील. तो सोडून द्यावा. फिरत असतानाचा आकडा ०.५ व्होल्टहून अधिक नसावा.

(३) बॅटरीचे सांगाड्यास जोडलेले टोक व स्टार्टरचे अंग यांच्यामध्ये हाच आकडा ०.३ व्होल्टच्या आत असावा.

(४) घट अधिक आढळल्यास एकेक सांधा तपासावा. एका सांध्यावर ०.१ व्होल्टहून अधिक घट म्हणजे दोष तेथेच समजावा.

मीटरची तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवावी, क्लँपवर नव्हे. अन्यथा त्या दोहोंमधील कीट ध्यानात येणार नाही. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये त्यास विश्रांती द्यावी. मीटर नसल्यास, स्टार्टर फिरविल्यानंतर जो सांधा इतरांहून अधिक तापलेला आढळेल तो सदोष असण्याचा संभव असतो. हात बेताने लावावा.

उपाय व दक्षता

केबल सोडताना सांगाड्यास जोडलेले टोक प्रथम सोडावे व जोडताना ते शेवटी जोडावे. कीट खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. ते पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये. खुंटी व क्लँप घासून स्वच्छ करावेत, नट घट्ट आवळावेत व वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. सांगाड्यावर जेथे केबल बसते तेथील रंग व गंज खरवडून काढावा. केबल बदलताना मूळ जाडीहून बारीक केबल घालू नये. बॅटरीजवळ विडी अथवा काडी पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी ही तपासणी शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. परंतु नव्या बॅटरीचा अनाठायी खर्च व पेरणीचा खोळंबा हे दोन्ही तिच्यामुळे टळू शकतात.