गर्दी लाखांची, माणसं ३८५

संभाजीनगरकरांना चिंता किती सतावते, याचा अभ्यास करायचा आहे, असं समजा. माणसं कुठून आणायची? दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारात, सुपारी हनुमानापाशी उभं राहिलं की प्रश्नावल्या बघता बघता संपतील. मोह होतोच.

आधी निवडीचा पसारा पाहा. शंभर जणांतून दहा निवडायचे, तर वेगवेगळ्या याद्या होतात १,७३,१०,३०,९४,५६,४४०. सेकंदाला एक यादी लिहायला बसलात तर सुमारे साडेपाच लाख वर्षं लागतील. हे नुसत्या शंभरांचं झालं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११,७५,११६ होती. त्यातून ३८५ जण किती तऱ्हांनी निवडता येतील, तो आकडा सुमारे दीड हजार अंकी आहे! दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंचा अंदाज ८०-८१ अंकांत आटोपतो.

३८५ च का? टक्केवारी पाचाने इकडेतिकडे झालेली चालणार असेल आणि शंभरातल्या ९५ वेळा ती त्या मर्यादेत यायला हवी असेल, तर चिठ्ठ्या टाकून काढलेली एवढी माणसं पुरतात. शहर पावणेबारा लाखांचं असो की देश १४० कोटींचा, आकडा जागचा हलत नाही. मला तर त्या दीड हजार अंकांपेक्षा हेच जास्त अचाट वाटतं.

अट एवढीच की प्रत्येकाची चिठ्ठी डब्यात हवी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजतो. गुलमंडीच्या गर्दीत वाळूजला पाळीवर गेलेला कामगार नसतो, अंथरुणाला खिळलेली आजी नसते. आणि चिंतेपायी घराबाहेरच न पडणारा, म्हणजे नेमका ज्याला शोधायचं तोही नसतो. मग तिथे लाखभर लोकांना विचारून काय उपयोग?

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून आल्या. त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं, आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचे होते.

मानसशास्त्राची गुलमंडी म्हणजे कॉलेजातली बाकं. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये या विषयाच्या सहा बड्या अमेरिकी नियतकालिकांतले अभ्यास तपासले, तेव्हा ९६ टक्के सहभागी जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले निघाले. दोन वर्षांनी जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पश्चिमेबाहेरच्या कुणाही माणसापेक्षा अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्याचा अशा अभ्यासात नंबर लागण्याची शक्यता चार हजार पटींहून जास्त.