शब्दकोड्याचं लेखापरीक्षण

इंग्रजी दैनिकांतली 'क्रिप्टिक', म्हणजे गूढ, शब्दकोडी नागपुरात अजून कोण सोडवतं, ते बघून ये, असं संपादकांनी सांगितलं. विचारत विचारत एका काकांपर्यंत पोचलो. सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयात त्यांची उभी नोकरी झाली. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट.

हा नाद नागपुरात रुजला यात नवल नाही. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर. सचिवालय, न्यायालय, रेल्वे, सगळीकडे कारभार इंग्रजीत. गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं १९११ मध्ये इथं 'हितवाद' सुरू केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ डिसेंबर १९१३ रोजी, न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या पत्रात आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं छापून आलं. त्याला गूढ वळण दिलं ते १९२५ च्या सुमारास इंग्लंडात 'टॉर्केमाडा' या टोपणनावाच्या रचनाकारानं.

साध्या कोड्यात अर्थ देतात आणि शब्द मागतात. गूढ कोड्यातलं सूचक वाक्य, म्हणजे संकेत, दुहेरी असतं: एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्द घडवण्याची कृती. काकांनी मला ते मराठीतच समजावलं. 'सापामागून नदीचं पाणी चढलं ते शहर (४)'. साप म्हणजे नाग, पाणी चढलं म्हणजे पूर, आणि शहर तर समोरच आहे. 'उलटलेल्या शापातून निघालेला देव (२)'. शाप 'मरा', वाल्या कोळ्याची गोष्ट माहीत असणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. 'आजोबा जार घेऊन निघाले, पोटात दडली मंडई (३)'. आजो-बा जार. बाजार!

मला काकांनी बांधून ठेवलं ते मात्र सोडवण्यापेक्षा गुण देण्यानं. पेपरची चौघडी घालून ते आधी पेन्सिलीनं सगळे संकेत वाचतात आणि जिथं सरळ अर्थ सापडला तिथं खाली रेघ मारतात. चौकट भरणं नंतर. भरून झाल्यावर समासात प्रत्येक संकेताला पाचपैकी गुण. फालतू शब्द घुसडला की एक गुण वजा, सरळ अर्थ ढिला असला की दोन वजा. उत्तर बरोबर आलं, पण वाक्यातून ते सिद्ध होत नाही, तर शून्य. सगळं आयुष्य लेखापरीक्षणात गेलेला माणूस व्हाउचर नसलेली रक्कम कशी मान्य करील?

"सोडवता आलं म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "त्यानं न्यायानं विचारलं का, ते पाहा ना. नाही तर कोणी काही बी लिहून राह्यलं!"

हा न्यायाचा आग्रह जुना आहे. 'ऑब्झर्व्हर'चे रचनाकार 'झिमेनिस' यांनी १९६६ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. त्यांच्यानंतर १९७२ मध्ये आलेल्या 'अझेड' यांनी वाचकांनाच संकेत रचायला लावून त्यांची प्रतवारी लावली. पण आपल्याकडे हे काम कितीतरी आधी झालेलं आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं 'काव्यादर्शा'त पूर्वाचार्यांच्या सोळा निर्दोष प्रहेलिका, म्हणजे कोडी, सांगितल्या, चौदा दुष्ट प्रहेलिकांची नोंद केली, आणि दोषांना अंत नसल्यानं फक्त चांगल्यांचीच लक्षणं दिली. दंडीचे पूर्वज अचलपूरचे, असं 'अवंतिसुंदरीकथे'त येतं. ते अचलपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलंच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोड्याला गुण देण्याची परंपरा विदर्भाच्या घरचीच म्हणायला हरकत नाही.

काकांना खंत एकच आहे: हे गुण कळवायचे कुणाला? 'द हिंदू'त कोड्यावर रचनाकाराचं टोपणनाव असतं. वाचक त्याची खोड ओळखतो, त्याच्याशी भांडतो. काकांच्या हातातल्या कोड्यावर नावच नव्हतं. बाहेरून विकत आणलेल्या कोड्याचं असंच असतं. खाली सही नसेल तर आक्षेप घ्यायचा कुणावर?

म्हणून त्यांनी मराठीत गूढ कोडं रचायला घेतलं आहे. मराठी दैनिकांत शब्दकोडी भरपूर येतात, पण बहुतेक अर्थ विचारणारी. श्लेषावर पोसलेल्या भाषेला हे कमीपणाचं आहे, असं मलाही वाटतं. मात्र अडचणी खऱ्या आहेत. इंग्रजी रचनाकार सव्वीस सुट्या अक्षरांशी खेळतो. आपल्या घरात अक्षर मात्रेसकट बसतं. 'लेखणी विस्कटली, चिखलात फुललं ते (३)' हे जमतं, कारण 'कलम'चं 'कमल' होतं. 'नवरा'चा 'वानर' करायचा मोह कितीही झाला तरी होत नाही. काना 'रा'ला चिकटलेला आहे, तो 'व'वर नेता येत नाही. विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं, आणि शब्दाचे तुकडे वाक्यात बेमालूम लपवणं आणखी कठीण होतं.

काकांचा सर्वांत लाडका संकेत असा: 'दारात बंदूक घेऊन उभी नागपुरी फळं (२)'. संत्री! मी मोठ्यानं दाद दिली. त्यांनी स्वतःला पाचपैकी तीनच दिले. पहारेकरी 'उभा' असतो, फळं 'उभी' असतात. वाक्य दोन्ही अर्थांनी नीट वाचता यायला हवं आणि इथं लिंग आडवं आलं. 'उभी'च्या जागी 'सज्ज' घातलं तर दोन्हीकडे चालतं, पण वाक्याची गंमत जाते, म्हणून ते अजून अडून आहेत.

त्यात चौकटीचं दुखणं वेगळंच. 'सं'वरून खाली संगम, संसार, संशय, हवं ते नेता येतं. 'त्री'वर येऊन मिळणारे शब्द मैत्री, छत्री, कात्री, जंत्री. सगळे त्या घरातच संपतात. त्यामुळे खालचं घर काळं करावं लागतं, ते केलं की चौकटीच्या सममितीसाठी समोरच्या कोपऱ्यातलंही काळं करावं लागतं, आणि तिथं सध्या काकांचा 'बाजार' बसलेला आहे.